सूज उतरवली की जंत पडतात? उलटंच आहे

घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला: "आतड्याला सूज येते म्हणून जंत होतात. हळदीचा काढा घेऊन सूज उतरवा, जंत आपोआप पडतील. जंताची गोळी लागत नाही." एकेक वाक्य घेऊ.

सूज आधी, जंत नंतर? जंत येतात ते मातीतून. एस्कॅरिस नावाच्या जंताची अंडी न धुतलेल्या भाजीवरून तोंडात जातात, हूकवर्मची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. तिला आतड्याच्या सुजेशी काय देणंघेणं?

सूज उतरली की जंत पडतील? इथे तर गंगा उलटी वाहवली आहे. जंताची चाहूल लागते आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट पेशींना. या पेशी जुन्याच ओळखीच्या, पण त्यांचं हे काम २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडलं. त्या आयएल-२५ नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडतात, तो इशारा मिळताच शेजारच्या पेशी आयएल-१३ हे तसलंच दुसरं प्रथिन सोडतात. मग बुळबुळीत स्राव वाढतो, अस्तरातून पाणी पाझरतं, आतड्याचे स्नायू जोराने आवळतात. जंताला चिकटून राहायला जागाच उरत नाही. पोटात हा सगळा गोंधळ चालू असतो, त्यालाच आपण दाह म्हणतो, म्हणजे मेसेजमधली सूज.

हा दाह दाबला तर? स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत पोटात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. अशा माणसाला दुसऱ्याच आजारासाठी स्टेरॉइड सुरू झालं, तर अळ्या बेसुमार वाढून फुप्फुसांपर्यंत पसरू शकतात, माणूस दगावूही शकतो. मेसेज खरा असता तर सूज उतरवणाऱ्या या जबर औषधाने जंत पटापट पडायला हवे होते. (दुधातली चमचाभर हळद म्हणजे स्टेरॉइड नव्हे, ती खुशाल घ्या.)

मग शरीर लढतंच आहे, तर गोळी कशाला? कारण माणसात ही लढाई बऱ्याचदा अर्धवट राहते. जंतही कच्च्या गुरूचे चेले नाहीत, ते दाह थंड करणारी द्रव्यं स्वतः सोडतात. एस्कॅरिस वर्षभर सहज टिकतो आणि मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. म्हणून तर राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला लावतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, पाण्यात कुस्करून.