‘आमच्या आईने कधी यादी केली नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि तिखटही आहे, त्यामुळे ‘धन्यवाद’ म्हणून सुटका करून घ्यावी असं वाटलं नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भाऊबीजेला रात्री वीस-पंचवीस माणसं घरी जेवायला असतील तर पळापळ न होता ते कसं निभवायचं, यावर मी लिहिलं होतं. बेत खानदेशी वरण-बट्टीचा, म्हणजे उकडून तळलेली गव्हाची बट्टी चुरून त्यावर वरण-तूप. दळण आठवडाभर आधी, बट्ट्या आदल्या रात्री उकडून ठेवायच्या, भाजी दुपारी करायची, मांडे (पुरणाच्या मोठ्या, पातळ पोळ्या) हवेच असतील तर बाहेर सांगायचे, आणि आलेल्या माणसांनाही हाताशी घ्यायचं. त्यावर अमळनेरहून या भाऊंनी लिहिलं: “आमच्या आईने चाळीस-चाळीस माणसांचा स्वयंपाक केला, कधी कागदावर यादी केली नाही. तुम्ही सणाचं ऑफिस करून ठेवलं. आदल्या दिवशीचं शिळं वाढायचं, मांडे विकत आणायचे आणि पाहुण्यालाच कामाला लावायचं, हा खानदेशी पाहुणचार नाही. चुलीवरून थेट ताटात पडलं पाहिजे. यंदा आमच्याकडे पंचवीस पानं आहेत, बघा कसं करतो ते.”

आधी यादीचं बघू. तुमच्या आईंनी कागद वापरला नाही, हे अगदी मान्य. माझ्या आजीनेही नाही वापरला. पण भाऊ, त्या चाळीस माणसांच्या ताटात जो बिबडा, म्हणजे ज्वारीचा पापड, पडला तो दिवाळीत झाला होता का? ज्वारी भिजवायची, दळायची, शिजवायची, त्यात लसूण-तीळ घालून थापायचं आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवायचं. कुरडया तशाच, शेवया तशाच, उडदाचे पापड तसेच. वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच कुटून बरणीत. दिवाळीत कोण येणार, किती येणार हे धरूनच ते डबे भरलेले असायचे. सहा महिने आधी केलेली तयारी तुम्हाला परंपरा वाटते आणि आदल्या रात्री केलेली ऑफिस वाटतं, हे गणित मला जमत नाही.

आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचंच घ्या ना. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी धान्य घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजून घेतात. कुणी बाहेरगावी असला तरी त्याची मूठ धरली जाते. भाऊबंदांतली कितीतरी नावं तोंडपाठ, प्रत्येकाचं माप ठरलेलं. ही यादी नाही तर काय आहे? ती बायांच्या डोक्यात असायची म्हणून तुम्हाला दिसली नाही, इतकंच. आता आम्ही नोकरी करून घर बघतो, डोक्यात आणखी शंभर गोष्टी असतात, म्हणून फ्रिजवर कागद चिकटवतो.

आता शिळ्याचा मुद्दा. यावर जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण बट्टी ही वस्तूच अशी आहे की तिला आदला दिवस मानवतो.

गहू जाडसर दळलेला, त्यात थोडा मका, ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन. पीठ घट्ट मळायचं, गोळे किंवा वळकट्या करून उकडायच्या. उकडून निघाल्याबरोबर सुरी लावली की काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. सुरीला पीठ चिकटतं, कड फाटते, तुकडा मधूनच खचतो, आणि असा तुकडा कढईत गेला की तेल पिऊन बसतो. तीच बट्टी पूर्ण गार होऊ द्या. मग सुरी सरळ खाली उतरते, काप स्वच्छ पडतो, तळल्यावर बाहेरून खुसखुशीत आणि आतून रवाळ राहते. घाईच्या दिवशी ती गार व्हायला दोन-तीन तास कुठून काढायचे? म्हणून पाडव्याच्या रात्री उकडायच्या, परातीत सुट्ट्या पसरून गार करायच्या, वाफ पूर्ण गेली की झाकून फ्रिजमध्ये. गरम असताना डब्यात कोंबल्या तर आतल्या आत घाम येऊन चिकट होतात, तेवढं मात्र सांभाळायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काप करून कढईत टाकल्या की ताटात पडते ती गरमच. तुम्हाला चुलीवरून ताटात हवी होती ना, तशीच पडते. उकडण्याचं काम फक्त आदल्या रात्रीवर ढकललं.

घोटलेल्या वांग्याच्या भाजीचंही असंच. दुपारी चारला घोटून ठेवलेली भाजी रात्री आठला जास्त चांगली लागते, मिरची-लसूण अंगात मुरलेलं असतं. वाढायच्या आधी तिला चांगली उकळी आणायची, नुसतं कोमट करून चालत नाही. वरणाची डाळही संध्याकाळीच शिजवून घोटून ठेवता येते. ठेवलं की घट्ट होतं, तेव्हा उकळतं पाणी घालून सारखं करायचं, गार पाणी नाही, आणि फोडणी शेवटी. भात मात्र कधीच आधी नको. तो अर्धा तास आधी लावायचा आणि जेवणं झाल्यावर उरलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, रात्रभर ओट्यावर नाही.

माझं म्हणणं खरं तर एवढंच होतं, आणि ते कदाचित लेखात नीट पोचलं नसेल असं धरून पुन्हा सांगते. बेत असा निवडायचा की त्यात ऐनवेळी हात लागणारा पदार्थ एकच असेल. वरण-बट्टीत ती तळणी असते, बाकी सगळं थांबू शकतं. याउलट भरीत-पुरीचा बेत बघा. पुरी लाटायला एक बाई, तळायला एक, वाढायला एक, आणि पहिल्याची तिसरी पुरी होईपर्यंत शेवटच्याला पहिली मिळालेली नसते. घरात चार हात असतील तर जरूर करा. दोनच हात असतील तर भरताबरोबर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी करा, त्या थोड्या आधी करून फडक्यात गुंडाळल्या तरी भरताशी गोडच लागतात.

भरताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट, जी तुमच्या प्रतिक्रियेत नाही पण बऱ्याच जणांनी विचारली. बामणोद-आसोद्याकडची हिरवी वांगी, जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तीच, दिवाळीच्या सुमाराला बाजारात यायला लागतात आणि मोह होतो. पण भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला, म्हणजे चातुर्मास संपायच्या आधी. बऱ्याच घरांत जुनी माणसं चंपाषष्ठीपर्यंत वांगं, कांदा, लसूण खात नाहीत. भरीत ताटात पडल्यावर आत्याबाई म्हणणार, “मला नको गं, माझं चालू आहे,” आणि मग त्या नुसतं वरण खाऊन उठणार. म्हणून आठवडाभर आधी फोन करून विचारायचं. अशी दोन-तीन माणसं निघाली तर गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी वेगळ्या पातेल्यात, बिनकांदा-लसणाची. गंगाफळ आधी आणून ठेवलं तरी महिनाभर काही होत नाही. त्या फोनलाही तुम्ही ऑफिस म्हणाल, पण आत्याबाई म्हणणार नाहीत.

मांड्यांबद्दल तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. उपड्या खापरावर, हातावर झेलत झेलत वाढवलेला मांडा मलाही येत नाही आणि तो शिकायला जी वर्षं जातात ती आता माझ्याकडे नाहीत. धुळ्या-जळगावात मांडे करून देणाऱ्या बाया आहेत, त्यांच्या हाताला ती कला आहे आणि त्यावर त्यांची घरं चालतात. त्यांच्याकडून घेण्यात लाज कसली? लाज वाटावी तर ऐन दिवाळीच्या सकाळी फोन करून “पंचवीस मांडे द्या ना” म्हणण्याची वाटावी. बेत ठरला की लगेच सांगून ठेवा आणि त्याच दिवशीचे घ्या, पुरण फार थांबत नाही. तसंही मांडा खरा शोभतो तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), आमरसाबरोबर. भाऊबीजेला हट्ट नको.

आता पाहुण्यांना कामाला लावण्याचं. भाऊ, आपल्याकडे गावजेवणात वाढायला कोण असतं? गल्लीतली पोरं. बादली एकाच्या हातात, वरण दुसऱ्याच्या, आणि “जेवाले बठा” म्हणून ओरडणारा तिसरा, जो स्वतः पाहुणाच असतो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला गेलो की वाळलेल्या काट्या-काड्यांच्या जाळावर वांगी एक जण भाजतो, साल काढायला सगळे गोल बसतात, बडगीत (लाकडी उखळात) ठेचायला आळीपाळीने हात लागतात. तिथे कुणाला अपमान वाटलेला मी पाहिला नाही. घरात आलं की मात्र पाहुण्याने सोफ्यावरून उठायचं नाही, हा नियम कधी झाला? मी एवढंच सुचवलं होतं की पाणी आणि पानं मांडायचं काम जावयांकडे द्या, पापड-बिबडे तळायचं मोठ्या भाचीकडे. आणि कोण काय करणार हे आधीच सांगा. ऐनवेळी “अगं जरा हे घे, ते दे” असं झालं की माणूस गोंधळतो आणि स्वयंपाकघरात गर्दी करतो. आग्रह मात्र दुसऱ्यावर सोपवायचा नाही, हेही मी लिहिलं होतं, ते तुमच्या नजरेतून सुटलं. बट्टी चुरून झाली, वरण पडलं, की तुपाचं भांडं घेऊन घरच्याच माणसाने फिरायचं. हाताने थांबवलं तरी धार सोडायची.

राहता राहिलं ते सगळ्यात महत्त्वाचं. भाऊबीज कुणाची असते? बहिणीची. संध्याकाळी दिवे लागले की पाट मांडायचा, भावाला ओवाळायचं, दोन घटका बोलत बसायचं. मोठ्या कुटुंबात तीन-चार बहिणी आणि तितकेच भाऊ असले की या ओवाळण्यात तास सहज जातो. आणि नेमक्या त्याच तासाला स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त काम असतं. मग होतं काय, की ओवाळायला ती घाईघाईने पिठाचे हात पुसत येते, फोटोपुरती उभी राहते आणि आतून कुकरची शिट्टी झाली की ताट तसंच ठेवून पळते. घरच्या सुनेचा भाऊ लांबून आलेला असतो, त्याच्याशी तिचं बोलणं दाराशी निघताना होतं. तुम्ही चाळीस पानांचं लिहिलंत, त्यातलं एक पान तुमच्या आईंचं होतं का, आणि ते कितव्या पंगतीला मांडलं गेलं? मला टोमणा मारायचा नाही, आमच्याकडेही शेवटच्या पंगतीला भाजी तळाला लागलेलीच असायची. पण या आठवणी आपण पंगतीत बसून साठवल्या आहेत. चुलीपाशी बसलेल्या माणसाला विचारून बघा, तिला तो स्वयंपाक कसा आठवतो.

म्हणून माझ्या कागदावर पहिली ओळ पदार्थाची नसते. ‘साडेसहा ते साडेसात, गॅस बंद’ एवढंच वर लिहिलेलं असतं आणि बाकी सगळं त्या तासाच्या अलीकडे-पलीकडे बसवलेलं असतं. अलीकडे भाजी, डाळ, ताटं-वाट्या पुसून ठेवणं, कांदा-लिंबू कापणं. पलीकडे भात, फोडणी, तळणी.

तुमच्या पंचवीस पानांसाठी माझा अंदाज देते, पटला तर घ्या. बट्टीचं पीठ तीन किलो. तुरीची डाळ दीड किलो, कारण बट्टी वरण फार पिते. घोटलेल्या भाजीला वांगी तीन किलो, बट्टी असल्यावर तांदूळ किलोभर पुष्कळ झाले. बट्ट्या तेलात तळल्या तरी वरून घ्यायला तूप पाऊण किलो हाताशी असू द्या, खानदेशात तिथे हात आखडून चालत नाही. एका कढईवर तळणीला तासभर धरा, दोन कढया लावल्या तर अर्ध्या तासात पहिली पंगत बसते. उरलेल्या बट्ट्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुरून गूळ-तुपात घोळवल्या की पोरं नाश्त्याला दुसरं काही मागत नाहीत.

दळण धनत्रयोदशीच्या आधी आणा, त्यानंतर गिरणीवर चकलीच्या भाजणीची रांग असते आणि गिरणीवाला जाडसर दळायला जातं बदलून देत नाही. आणि तीन किलो पीठ घट्ट मळायचं म्हणजे मनगट भरून येतं. ते काम तुम्ही घ्या, भाऊ.