बाळ येशूची झोप आणि माझा खोकला

डिसेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे सवाई, पुण्यातला सवाई गंधर्व शास्त्रीय संगीत महोत्सव. गेली तीसेक वर्षं त्या दिवसांत मी लग्नाचं आमंत्रणसुद्धा घेत नाही. रमणबागेच्या मैदानावर शाल गुंडाळून, सतरंजीवर मांडी ठोकून, थर्मास आणि बाकरवडी हाताशी ठेवून मी गाणं ऐकायला शिकलो. आवडलं की मान डोलते, हात मांडीवर पडतो, तोंडून 'वाह' जातं. नाही आवडलं की माणूस उठून चहाला जातो. गाणाऱ्यालाही त्यातून काय ते कळतं.

यंदा मुलीकडे जर्मनीत होतो. सवाई हुकला म्हणून माझं तोंड उतरलेलं पाहून तिच्या शेजारच्या आजींनी तिकिटं काढली. ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळातला, तिसरा रविवार. चर्चमध्ये बाख या जर्मन संगीतकाराचा ख्रिसमस ऑरेटोरिओ, म्हणजे येशूजन्माची कथा गाण्यांतून सांगणारी मोठी रचना.

"बाबा, तिथे वाह-वाह नाही करायचं हं," मुलीने घरीच बजावलं. "मांडीवर ताल नाही. मध्येच टाळ्या नाहीत. बाकरवडी तर अजिबात नाही."

"आणि मान?"

"थोडी चालेल."

चर्चमध्ये बाहेरच्याइतकीच थंडी होती, फक्त वारा नव्हता. आजींनी पिशवीतून उशी काढली आणि बाकावर ठेवली, तेव्हा मला वाटलं, वय झालंय. बसल्यावर कळलं, अनुभव आहे. त्या बाकापेक्षा पंगतीतला पाट मऊ. शिवाय माझ्यापुढे थेट खांब. मुलगी म्हणाली, ही स्वस्तातली, फक्त ऐकायची तिकिटं असतात. खांबाच्या उजव्या कडेने एका ट्रम्पेटवाल्याचा निम्मा गाल तेवढा दिसत होता. तो फुगला की समजायचं, आता काहीतरी मोठं येतंय.

सुरुवात नगाऱ्याने झाली. नुसता टिंपानी, मग बासऱ्या, मग ट्रम्पेट, मग सगळा कोरस. मी सरसावून बसलो. मुलीने कार्यक्रमपत्रिकेत बोट ठेवून कानात सांगितलं, की हीच चाल बाखने आधी 1733 साली पोलंडची राणी मारिया योझेफा हिच्या वाढदिवसासाठी बांधली होती, 'वाजा, नगाऱ्यांनो' अशा शब्दांनी. वर्षभरात शब्द बदलून ती येशूच्या जन्माला लावली. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या आळीतलं भजनी मंडळ वेगळं काय करतं?

पुढे आणखी गंमत होती. या ऑरेटोरिओचे सहा भाग आहेत आणि ते बाखने जर्मनीतल्या लाइपझिग शहरात 25 डिसेंबर 1734 ते 6 जानेवारी 1735 या काळात सहा वेगवेगळ्या दिवशी सादर केले. ॲडव्हेंटच्या दुसऱ्या रविवारपासून नाताळपर्यंत तिथल्या चर्चमध्ये असलं वाद्यसंगीत बंदच असे. म्हणजे आम्ही आत्ता जे ऐकत होतो, ती चातुर्मासातली कांदाभजीच!

पहिला भाग संपला. टाळी नाही. एक क्षण शांतता आणि मग अख्खं चर्च खोकलं. पुढचे, मागचे, बायका, पुरुष, सगळ्यांनी अर्धा तास साठवलेला खोकला शिस्तीत बाहेर काढला आणि पुन्हा चिडीचूप. मीही प्रयत्न केला. आला नाही.

दुसऱ्या भागात अंगाईगीत आहे. 'झोप रे राजा' म्हणत एक बाई बाळ येशूला निजवते. तिने पहिलाच स्वर इतका लांबवला, इतका हळुवार टिकवला, की रमणबागेत चार हजार माना एकदम डोलल्या असत्या. माझ्या घशाशी 'वाह' आलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी ते गिळलं. गिळलेलं 'वाह' पोटात जात नाही हे मला तेव्हा कळलं. ते अर्ध्या वाटेवरून वळलं आणि खोकला होऊन बाहेर पडलं.

चर्चची कमान उंच असते. खोकला वर गेला, फिरून आला, मला पुन्हा ऐकू आला. ट्रम्पेटवाल्याचा निम्मा गाल वळला आणि पहिल्यांदाच त्याचा डोळा दिसला.

आजींनी शांतपणे पर्स उघडली आणि खोकल्याची गोळी पुढे केली. कागदात गुंडाळलेली. एरवी या कागदाला आवाज असतो हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मी एक टोक ओढलं. कर्र. थांबलो. बाई गातच होत्या. मग हळू सोडवायला गेलो तर आवाज लांबला. पत्र्यावर पाऊस सुरू व्हावा तसा. अंगाई जवळजवळ दहा मिनिटांची आहे. ती संपली तेव्हा गोळी अर्धी उघडली होती. लोकांनी खोकून घेतलं, त्या गर्दीत मी ती कागदासकट तोंडात टाकली.

बाहेर आल्यावर आजी मुलीशी काहीतरी बोलल्या आणि हसल्या.

"काय म्हणतात?"

"आज तीनच भाग झाले बाबा. उरलेले तीन जानेवारीत आहेत. त्याचंही तिकीट काढलंय त्यांनी तुमचं."

आजींनी माझ्या हातात एक छोटी डबी ठेवली. उघडून पाहिली. आत सहा गोळ्या होत्या, सगळ्यांचे कागद आधीच काढलेले.