१९२५ साली वारलेला मेव्हणा १९४१ साली पत्र छापतो!

‘जन गण मन हे पंचम जॉर्जच्या स्तुतीचं गाणं आहे, सत्य जाणा आणि पुढे पाठवा’ हा लांबलचक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. आजवर मी तो न वाचता पुढे सरकवत होतो. यंदा तो आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि आठवीतल्या भाच्याने २६ जानेवारीच्या भाषणासाठी वहीत उतरवूनही घेतला. म्हणून हा खटाटोप.

आधी मजकुराचा गोषवारा. १९११ मध्ये पंचम जॉर्ज भारतात आला. रवींद्रनाथ टागोरांनी त्याच्या स्वागताचं गाणं लिहिलं, ते त्याच्यासमोर गायलं गेलं, आणि खूश होऊन त्याने रवींद्रनाथांना नोबेल दिलं. पुढे त्यांना पश्चात्ताप झाला. लंडनला राहणारे मेव्हणे, आयसीएस (इंग्रज काळातली सनदी सेवा) अधिकारी सुरेंद्रनाथ बॅनर्जी, यांना त्यांनी १९१९ नंतर कबुलीचं पत्र लिहिलं आणि ‘मी असेपर्यंत कुणाला दाखवू नका’ असं बजावलं. ७ ऑगस्ट १९४१ ला रवींद्रनाथ गेले, मग मेव्हण्यांनी पत्र जाहीर केलं. तरी पुढे नेहरूंनी ‘वंदे मातरम्’ डावलून हेच गाणं राष्ट्रगीत केलं.

या पत्रापासूनच सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. आयसीएस झालेले सुरेंद्रनाथ बॅनर्जी इतिहासात एकच प्रसिद्ध आहेत. १८७४ मध्ये त्यांना नोकरीतून काढून टाकलं, मग ते काँग्रेसचे मोठे पुढारी झाले. १८९५ च्या पुण्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच. ते रवींद्रनाथांचे मेव्हणे नव्हते, आणि मुख्य म्हणजे ऑगस्ट १९२५ मध्ये वारले. म्हणजे माणूस गेल्यावर सोळा वर्षांनी त्याने पत्र छापलं! हे दुसरेच कुणी सुरेंद्रनाथ असतील, असं मामांचं म्हणणं. असतील, पण मग ते ठाकूर (म्हणजेच टागोर) घराण्यात कुठे बसतात? रवींद्रनाथांच्या बहिणींची सासरची आडनावं गंगोपाध्याय, मुखोपाध्याय, घोषाल. त्यात बॅनर्जी नाहीत. घरात आयसीएस होते ते थोरले बंधू सत्येंद्रनाथ, आणि त्यांची नोकरी लंडनला नव्हे, आपल्या मुंबई इलाख्यात झाली. साताऱ्याला न्यायाधीश होते ते. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. तेही १९२३ मध्येच गेले. तेव्हा पत्र छापायला १९४१ मध्ये नक्की कोण उरलं होतं, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनीच सांगावं.

आता ‘राजासमोर गायलं’. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाचा दिल्ली दरबार झाला १२ डिसेंबर १९११ ला. हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं २७ डिसेंबरला, कलकत्त्यात, काँग्रेसच्या अधिवेशनात. त्या आठवड्यात महाराज होते नेपाळच्या तराईत, वाघांच्या शिकारीवर. ते कलकत्त्याला पोचले ३० तारखेला. दरबारातही नाही, समोरही नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ‘रवींद्रनाथांनी सम्राटाच्या स्वागतासाठी खास रचलेलं गीत गायलं गेलं’ असं दुसऱ्या दिवशीच्या ‘स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकाने खरंच छापलं होतं. त्या काळची काँग्रेस राजनिष्ठ होती, हेही खरं. बंगालची फाळणी रद्द केल्याबद्दल त्या दिवशी राजाच्या स्वागताचा ठराव झाला आणि त्याच्या सन्मानार्थ गाणंही झालं. फक्त ते गाणं वेगळं होतं: रामभुज चौधरी यांचं हिंदीतलं ‘बादशाह हमारा’. इंग्रजी पत्रांनी दोन्ही गाण्यांची खिचडी केली. ‘अमृत बाजार पत्रिका’ने मात्र क्रम नीट दिला: आधी बंगालीतली ईश्वराची प्रार्थना, मग ठराव, मग राजाच्या स्वागताचं गाणं. जानेवारी १९१२ मध्ये हेच गीत ब्राह्म समाजाच्या ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त आलं, तेही ब्रह्मसंगीत, म्हणजे ईश्वराच्या उपासनेचं गाणं, म्हणून. राजाच्या स्तुतीला ब्रह्मसंगीत कोण म्हणेल?

रवींद्रनाथांचं खरं पत्र हवं असेल तर तेही आहे. नोव्हेंबर १९३७ मध्ये रवींद्र-साहित्याचे अभ्यासक पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेलं. त्याचा आशय असा: सरकारदरबारी वजन असलेल्या एका स्नेह्याने सम्राटाच्या जयगानाची विनंती केली. ऐकून आश्चर्य वाटलं, मनात संतापही उसळला. त्याच्या प्रतिक्रियेत मी भारताच्या त्या भाग्यविधात्याचा जय गायला, जो युगानुयुगं या देशाच्या रथाचा सारथी आहे. तो पाचवा, सहावा किंवा कुठलाच जॉर्ज असणं शक्य नाही, हे त्या राजभक्त स्नेह्यालाही कळलं. म्हणजे विनंती झाली होती, एवढं फॉरवर्डमधलं अर्धसत्य. एवढा खुलासा करायला जवळपास सव्वीस वर्षं का लागली, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. पण उत्तर मिळालंय, आणि ते त्यांच्याच शब्दांत आहे.

शिवाय गाणं पाच कडव्यांचं आहे, आपण एकच म्हणतो. शेवटच्या कडव्यात ‘राजेश्वर’ आहे, तेवढ्यावर लोक नाचतात. त्याच्या आधीच्या कडव्यात काळ्याकुट्ट रात्री, मूर्च्छित पडलेल्या देशाला मांडीवर घेऊन जपणारी ‘स्नेहमयी तुमि माता’ आहे. दाढीवाल्या पंचम जॉर्जला आई म्हणून बघायचं असेल तर खुशाल बघा.

नोबेलबद्दल फार लिहीत नाही. मजकुरात पंचम जॉर्ज नोबेल समितीचा अध्यक्ष आहे! साहित्याचं नोबेल स्वीडिश अकादमी देते. १९१३ चं मिळालं ते प्रामुख्याने इंग्रजी ‘गीतांजली’साठी, आणि त्या पुस्तकात ‘जन गण मन’ नाही. राजाने दिली ती ‘सर’ पदवी, १९१५ मध्ये. ती त्यांनी घेतली, हे खरं. जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये व्हाइसरॉयला पत्र लिहून तिच्यातून मुक्त करा म्हणाले, हेही खरं.

उरला शेवटचा मुद्दा: नेहरूंनी ‘वंदे मातरम्’ डावललं. यात तथ्य आहे. वाद्यवृंदावर ‘जन गण मन’ चांगलं वाजतं, हे कारण नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये संविधान सभेत दिलं होतं. आपले गायक-संगीतकार मास्टर कृष्णराव यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटी रागात बांधलं, बँडवर वाजेल असं बसवलं, दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवलं. तरी २४ जानेवारी १९५० ला राष्ट्रगीत ठरलं ते ‘जन गण मन’, आणि ‘वंदे मातरम्’ला समान मानाचं स्थान मिळालं. मास्टरांची हळहळ मला समजते, तो निर्णय चुकला असं म्हणायलाही कुणाची हरकत नाही. पण सुभाषबाबूंनी १९४२ मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला जे गाणं वाजवायला लावलं ते इंग्रज राजाची आरती होती, असं म्हणताना जरा जीभ चाचरायला हवी. आणि ‘वंदे मातरम्’च्या कैवारासाठी टागोरांना शिव्या देणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं, की १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ‘वंदे मातरम्’ गायलं ते रवींद्रनाथांनीच.