फ्लोराइड, लिंबूपाणी आणि झिजणारे दात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

आंबटाने होणाऱ्या दातांच्या झिजेवर मी फ्लोराइडच्या पेस्टची शिफारस केली, त्यावर तुम्ही चांगल्याच चिडलात. फ्लोराइड विषारी आहे, तुमच्या माहेरी पांढरकवड्याकडे त्यानेच पोरांचे दात तपकिरी झाले, आजीची राखुंडी बरी होती आणि लिंबूपाण्याला नावं ठेवून मी पेस्टवाल्यांची जाहिरात करतेय, असं तुमचं म्हणणं.

माहेरचं तुम्ही सांगता ते खरंच आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड हा गंभीर प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नसावं. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, साधारण आठ वर्षांपर्यंत, ते जास्त पोटात गेलं की दातांवर डाग उमटतात आणि वर्षानुवर्षं गेलं तर हाडंही धरतात. माहेरी अजून बोअरचंच पाणी पीत असतील तर ते तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही.

पण मुंबईत नळाला येतं ते भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी, म्हणजे साठवलेला पाऊस. त्यात फ्लोराइड अगदी कमी. आणि पेस्ट थुंकायची असते. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमची मर्यादा आहे, म्हणजे एका ग्रॅमला १ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅमच्या आसपास भरते. लिटरला ३ मिलिग्रॅम असलेलं पाणी रोज दोन लिटर प्यायलं, तर ६ मिलिग्रॅम थेट पोटात जातं. दोन्हींना एकाच मापाने कसं मोजायचं? लहान मुलं पेस्ट गिळतात, ही काळजी मात्र रास्त आहे. म्हणून तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढीच लावा आणि ब्रश आपल्या हातात ठेवा.

आता लिंबू. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल तीव्र. तो ५.५च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस असतो २ ते २.५. घरचं लिंबू म्हणून आम्ल सौम्य होत नाही. वरणभातावर पिळलेल्या लिंबाला माझी काहीच हरकत नाही, वाईट ते घोटाघोटाने पिणं. माझ्याकडे दात दाखवायला येणाऱ्या एक बाई विरार-चर्चगेट प्रवासात मध-लिंबाची बाटली पुरवून पुरवून पितात. त्यांच्या वरच्या पुढच्या दातांच्या कडा इतक्या पातळ झाल्यात की आरपार उजेड दिसतो. दाढांच्या टोकांवर खळगे पडलेत, तळाशी आतला पिवळा थर उघडा. कीड एकही नाही! प्रत्येक घोटानंतर लाळेला सावरायला वेळ लागतो आणि तो तिला मिळतच नाही.

जाहिरातच करायची असती तर पुढचं लिहिलं नसतं. किडीवर फ्लोराइड उत्तम काम करतं, आम्लाच्या झिजेवर त्याची मदत मर्यादित आहे. फ्लोराइड मुरलेलं कवच साधारण पीएच ४.५ पर्यंत तग धरतं, लिंबू त्याच्या कितीतरी खाली. साध्या सोडियम फ्लोराइडचा दातावर बसणारा पातळ थर अशा आम्लात लवकर धुपतो. स्टॅनस फ्लोराइडमधलं कथिल जास्त चिवट थर धरतं, म्हणून झीज दिसली की मी ती पेस्ट सुचवते. पण आधी ती बाटली बंद. लिंबूपाणी एका बैठकीत संपवा, वर साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश लावू नका. रात्री घासल्यावर फेस थुंका, खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहील.

राखुंडीला मात्र माझा ठाम विरोध आहे. आम्लाने मऊ पडलेल्या कवचावर ती खरखरीत पूड घासली की कवचच खरवडून निघतं. तुमचे दात आंबट न खाताही शिवशिवत असतील, रात्री घशाशी आंबट येत असेल, तर दातांच्या डॉक्टरांबरोबर पोटाच्या डॉक्टरांनाही दाखवा. जठरातलं आम्ल लिंबापेक्षाही तीव्र असतं, आणि ते वरच्या दातांची आतली बाजू झिजवतं, जी आरशात सहज दिसत नाही.