नाही हो, ते प्रेक्षक भाड्याचे नसतात

उन्हाळा तोंडावर आला की बडोद्यातल्या मराठी घरांत दोन कामं एकदम निघतात. गच्चीवर छुंद्याच्या बरण्या चढतात आणि माळ्यावरून न्यूजर्सीच्या बॅगा उतरतात. कोणाची मुलगी एडिसनला, कोणाचा मुलगा जर्सी सिटीत, कोणाला नातवंडाच्या मुंजीचं निमित्त. त्यामुळेच असेल, पण अमेरिकेतल्या ‘लेट नाइट शो’ची, म्हणजे रात्री उशिरा टीव्हीवर लागणाऱ्या विनोदाच्या आणि पाहुण्यांशी गप्पांच्या कार्यक्रमांची, पोल खोलणारा एक फॉरवर्ड सध्या दांडियाबाजारपासून मांजलपूरपर्यंत प्रत्येक ग्रुपवर येऊन गेला आहे. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर तो एकाच दिवशी मामांनीही टाकला आणि मामींनीही. घरात एकमेकांना दाखवायचीसुद्धा सोय राहिली नाही.

ज्यांना तो अजून आला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात सांगते. या कार्यक्रमांना बसलेले प्रेक्षक भाड्याचे असतात. हसू मशिनचं असतं आणि टाळ्या बोर्ड दाखवून घेतात. रात्रीचा कार्यक्रम म्हणून सांगतात आणि शूटिंग दिवसाउजेडी उरकतात. तिकिटं हजारो डॉलरला विकतात. एवढं करून आपली माणसं दारात पोचली की त्यांना परत पाठवतात. तेव्हा मुलांनी कितीही आग्रह केला तरी जाऊ नका, कारण तिथले विनोद तुम्हाला कळणारही नाहीत.

मुलीकडे गेले असताना न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये अशा एका रेकॉर्डिंगला बसून आले आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पैशाचं बघू. प्रेक्षकाला पैसे देऊन बसवायचं आणि त्याच प्रेक्षकाकडून हजारो डॉलरही घ्यायचे, हा धंदा बडोद्यात तरी अजून कोणाला जमलेला नाही. लिहिणाऱ्याने निदान दोन्हीतलं एक निवडायला हवं होतं. खरं म्हणजे दोन्ही चूक आहे. जिमी फॅलनचा ‘टुनाइट शो’ रॉकफेलर सेंटरमधल्या ३० नंबरच्या इमारतीत, स्टुडिओ ६बीमध्ये होतो. सेथ मायर्सचा त्याच इमारतीत ८जीमध्ये. जिमी किमेलचा लॉस एंजेलिसला हॉलिवूड बुलेव्हार्डवर. स्टीफन कोल्बेअरचा ‘लेट शो’ ब्रॉडवेवरच्या एड सलिव्हन थिएटरातला. तो मे २०२६मध्ये बंद करत असल्याचं सीबीएस या चॅनेलने जुलै २०२५मध्ये जाहीर केलं. या सगळ्यांची तिकिटं फुकट. ऑनलाइन नाव नोंदवायचं, तारीख मागायची आणि वाट बघायची. ज्याच्या नावाचं तिकीट त्यानेच यायचं, दारात फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं. आपला पासपोर्ट चालतो. चॅनेलची कमाई जाहिरातींवर होते, खुर्चीच्या भाड्यावर नाही.

मग हजारो डॉलरची गोष्ट आली कुठून? तिकडे धर्मादाय संस्थांसाठी लिलाव होतात आणि त्यात कधीकधी अशा कार्यक्रमांची खास तिकिटंही ठेवतात. श्रीमंत माणूस बोली लावतो, पैसे संस्थेला जातात. फॉरवर्डवाल्याने त्यातला फक्त आकडा उचलला. बाकी तिकिटाच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर तो ठग समजावा, तिथेही आणि इथेही. कपिल शर्माच्या शोची तिकिटं विकण्याचा असा प्रकार २०२३मध्ये उघड झाला होता, तेव्हा आपण प्रेक्षकांकडून एक पैसाही घेत नाही असं कपिलनेच जाहीर सांगितलं होतं.

भाड्याचे प्रेक्षक मात्र जगात आहेत, हे कबूल करायला हवं. मुंबईत रिॲलिटी शोंना रोजंदारीवर माणसं पुरवणारे ऑडियन्स कोऑर्डिनेटर असतात. लॉस एंजेलिसमध्येही गेम शो आणि नव्या मालिकांच्या चाचणी भागांना पैसे देऊन माणसं बसवतात, कारण तिथे दिवसाचे कित्येक तास एका जागी बसावं लागतं आणि फुकटात तेवढा वेळ कोण देणार. पण लेट नाइटसारखी ज्या दाराबाहेर रोज रांग लागते, त्या दारात कोणी पाकिटं वाटत बसत नाही.

आता रात्रीचं. हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो कोणी लपवून ठेवलेला नाही. बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी पाचच्या आसपास रेकॉर्ड होतात आणि रात्री ११.३५ला दाखवले जातात. ‘टुनाइट शो’ १९५४ साली थेट प्रक्षेपणाने सुरू झाला, पण १९५९पासून तो आधी टेप करून त्याच रात्री दाखवायला लागले. म्हणजे फॉरवर्डवाल्याचा हा ‘पर्दाफाश’ पासष्टहून जास्त वर्षं शिळा आहे. कारणंही सरळ आहेत. पाहुण्याला मध्यरात्री मेकअप करून बसवायला नको, कामगारांचा ओव्हरटाइम वाचतो, लांबलेलं कापता येतं, तोंडातून गेलेली शिवी बीप करता येते. शिवाय अमेरिकेत रात्रीचे साडेअकरा सगळीकडे एकाच वेळी वाजत नाहीत. न्यूयॉर्कला ११.३५ होतात तेव्हा लॉस एंजेलिसला ८.३५च झालेले असतात आणि तिथली मंडळी जेवत असतात. त्यांना त्यांच्या साडेअकरालाच दाखवायचं तर टेप हवीच. किमेलच्या कार्यक्रमाच्या तर नावातच ‘लाइव्ह’ आहे. २००३ साली सुरू झाला तेव्हा तो खरंच थेट जात होता, पुढे टेप व्हायला लागला, नाव तेवढं राहून गेलं. त्या नावाबद्दल तक्रार केलीत तर मी तुमच्या बाजूने.

(गंमत म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे बडोद्याचे रात्रीचे अडीच. आमच्या मामांच्या घड्याळाने तरी ते रेकॉर्डिंग ऐन मध्यरात्रीच चालतं.)

ज्याला अस्सल थेट बघायचं आहे त्याच्यासाठी शनिवारचा ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ हा विनोदी प्रहसनांचा कार्यक्रम आहे. १९७५पासून तो रॉकफेलरच्याच स्टुडिओ ८एचमधून रात्री ११.३० वाजता थेट जातो. त्याच रात्री आठला वेगळ्या प्रेक्षकांसमोर त्याची रंगीत तालीम होते. ती प्रत्यक्ष कार्यक्रमापेक्षा लांब असते आणि तिच्यात जे पडलं ते मधल्या वेळात कापून टाकतात. कुठलं प्रहसन ठेवायचं हे ठरवताना त्या आठच्या प्रेक्षकांचं हसणं मोजलं जातं. भाड्याच्या माणसांचा तिथे काय उपयोग?

सगळ्यात जास्त चालला तो हसण्याचा मुद्दा, कारण त्यात थोडं तथ्य आहे. बोर्ड असतो. छताजवळ, कॅमेऱ्यात न येईल असा, त्यावर ‘अप्लॉज’ हा शब्द पेटतो. पण तो टाळ्यांसाठी असतो. सूत्रधार मंचावर येताना, ब्रेकला जाताना, ब्रेकवरून परत येताना तो पेटतो, कारण त्या जागी आवाज एकदम उठावा लागतो आणि आपल्यासारख्या नवख्या माणसाला ती जागा कळत नाही. विनोद झाला की ‘हसा’ म्हणून पेटणारा दिवा काही मला तिथे दिसला नाही.

त्याआधी वॉर्म-अपवाला येतो. टीव्हीवर तो कधीच दिसत नाही. रांगेत उभं राहून पाय दुखलेली, फोन बंद करून ठेवायला लावलेली आणि एसीने गारठलेली माणसं हसण्याच्या अवस्थेत आणणं हेच त्याचं काम. आमच्या वेळचा माणूस गावं विचारत फिरत होता. ओहायो झालं, टेक्सास झालं, मग जावयाने ‘बरोडा, इंडिया’ म्हणून हात वर केला. त्यावर तो चटकन म्हणाला की यांच्यापेक्षा न्यूयॉर्कमधल्याच ब्रुकलिनवाल्यांना यायला जास्त वेळ लागला असणार. पूर्ण हॉल हसला. हे हसू कुठल्या मशिनमधून काढलं म्हणायचं?

हसण्याचं मशिन खोटं नाही, बरं का. चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनी अभियंत्याने १९५०च्या दशकात ते बनवलं. ठरावीक बटण दाबलं की ठरावीक हसू. पुढे कित्येक वर्षं अमेरिकी विनोदी मालिका त्यावर चालल्या. त्या मालिकांची कीर्ती फॉरवर्डवाल्याने या कार्यक्रमांना चिकटवली.

इथे प्रेक्षकाचं हसू सूत्रधाराला कामासाठी लागतं. मंचावर कॅमेऱ्याशेजारी एक जण पांढरे मोठे पुठ्ठे घेऊन उभा होता, त्यांवर जाड काळ्या मार्करने हाताने विनोद लिहिलेले. हसू ओसरायला लागलं की तो पुढचा पुठ्ठा वर घ्यायचा, त्याच्या आधी नाही. सगळ्यांची गती आमच्या हसण्यावर बांधलेली. मध्येच एक विनोद सपशेल पडला. कोणी हसलं नाही. सूत्रधाराने त्या पुठ्ठ्याकडे असं पाहिलं की चूक पुठ्ठ्याचीच आहे, आणि त्या बघण्यावर जे हसू आलं ते त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं. १९६२पासून १९९२पर्यंत ‘टुनाइट शो’ चालवणारा जॉनी कार्सन तर पडलेला विनोद सावरण्यासाठीच नावाजलेला होता. मशिन हाताशी असतं तर विनोद पडलाच नसता, आणि मग सावरायचं काय?

एवढ्यानेही पटत नसेल तर मार्च २०२० आठवा. १२ मार्चला फॅलन आणि कोल्बेअर दोघांनीही रिकाम्या खुर्च्यांपुढे कार्यक्रम केला आणि पुढे ही मंडळी घरातून बोलायला लागली. डब्यातलं हसू घालायला याहून चांगली संधी कुठली होती? पण विनोद सांगायचा आणि मग शांतता, असंच महिनोन्‌महिने चाललं. कोल्बेअरच्या घरी कॅमेऱ्याबाहेर त्याची बायको एव्ही बसायची, तिचं एकटीचं हसू ऐकू यायचं. ते भाग आजही इंटरनेटवर बघायला मिळतात आणि बघताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. १४ जून २०२१ला एड सलिव्हन थिएटर पुन्हा भरलं, तेव्हा नुसत्या टाळ्याच किती वेळ थांबेनात. मशिन वापरणारा माणूस प्रेक्षकांच्या परतण्याची अशी वाट बघत नाही.

आता दारातून परत पाठवण्याचं. तिकीट असून परत जावं लागतं हे खरं आहे, आणि त्याचा चामडीच्या रंगाशी संबंध नाही. फुकट तिकीट घेतलेली बरीच माणसं येतच नाहीत. पाऊस पडला, दुसरं काही निघालं, गेलं राहून. रिकामी खुर्ची कॅमेऱ्यात दिसून चालत नाही म्हणून खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं वाटतात आणि तसं तिकिटावर लिहिलेलंही असतं. आपल्या रेल्वेच्या आरएसीसारखं समजा, फक्त इथे अर्धी सीटही मिळत नाही. जागा मुळातच कमी. कोल्बेअरच्या आधीचा सूत्रधार डेव्हिड लेटरमनच्या काळात एड सलिव्हन थिएटरात ४६१ खुर्च्या होत्या, कोल्बेअरसाठी दुरुस्ती झाली तेव्हा त्याही कमी केल्या. टीव्हीवर ते आपल्या गांधी नगरगृहापेक्षा मोठं दिसतं. त्यामुळे दिलेल्या वेळेच्या बरंच आधी जाऊन उभं राहायचं. आमच्या पुढे उभं असलेलं एक गोरं जोडपं तावातावाने भांडून परत गेलं आणि आम्ही आत गेलो, कारण हातावरचा आमचा नंबर आधीचा होता.

फॉरवर्डवाल्याला जे सुचलं नाही ते मी सांगते, कारण तक्रार करायची तर तिथे जागा आहे. आत गेल्यावर कोण कुठे बसणार हे तिथले लोक ठरवतात. तरुण, हसरी, नीटनेटकी मंडळी पुढे, कॅमेऱ्याच्या वाटेत. गुडघे धरून चालणारी मागे किंवा कडेला. मला कॅमेऱ्याच्या क्रेनमागची खुर्ची मिळाली आणि निम्मा कार्यक्रम मी डोक्यावर टांगलेल्या मॉनिटरवर पाहिला, जो घरी सोफ्यावर बसून पाहता आला असता. पाहुणे कोण असतील ते तिकीट मागताना बहुधा माहीत नसतं, त्यामुळे आवडती नटी बघायला म्हणून जाऊ नये; तिच्याऐवजी एखादा सिनेटर निघायचा. बसल्यावर उठून बाथरूमला जाता येत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी याचा आधीच विचार करावा. वयाची अट असते, शाळकरी नातवंडांना नेता येत नाही. आणि एका तासाच्या कार्यक्रमात अख्खी दुपार जाते. या कारणांसाठी नाही गेलात तर माझं काही म्हणणं नाही.

विनोद कळणार नाहीत म्हणे! सुरुवातीची दहा मिनिटं जवळजवळ सगळी त्याच दिवसाच्या बातम्यांवर असतात. लिहिणारी मंडळी सकाळी बसतात आणि पुठ्ठे दुपारपर्यंत बदलत राहतात. दांडियाबाजारात सकाळी सकाळी पेपर वाचून ट्रम्पवर तासभर बोलणाऱ्या आमच्या मामांना त्यातलं काय कळणार नाही? त्या दिवशी जर्सी सिटीहून पाथ ट्रेन पकडण्याआधी तिथल्या ठळक बातम्या तेवढ्या चाळून जावं, आणि स्वेटर न्यावा, कारण आत भर जूनमध्येसुद्धा दात वाजतात.