‘खिडक्या उघडा, ओल जाईल’? कशी जाईल?

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. म्हणे, स्वस्त भाड्याच्या खोलीत बुरशी येते ती राहणाऱ्यांच्या सवयींमुळे. खिडक्या उघडा, ब्लीच मारा. आणि तब्येत पैशावर ठरते, घरावर-वस्तीवर नाही.

‘सवयींमुळे.’ थोडं खरं आहे. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. घरात वाळणाऱ्या कपड्यांचं वेगळंच. पण ओट्यावर एक्झॉस्ट नाही, कपडे वाळत घालायला गॅलरी नाही, ही भाडेकरूची सवय कशी? शिवाय ओल आणखी तीन वाटांनी येते. जमिनीतून चढणारी साधारण मीटरभरावर थांबते, तिथं लोणा लागून पोपडे सुटतात. पावसाची ओल पावसाबरोबर वाढते. पाइपची गळती ऋतू बघत नाही, डाग पसरतच राहतो. शंका असेल तर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीवर दिवसभर ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला धरले तर हवेतली वाफ. भिंतीच्या बाजूला धरले तर पाणी भिंतीतूनच येतंय. (टेप चिकटतच नसेल, तर उत्तर तिथंच मिळालं.) तारखेसह फोटो काढा, घरमालकाशी बोलताना उपयोगी पडतो.

‘खिडक्या उघडा.’ बाहेरची हवा जास्त दमट असेल तर उलट भरच पडते. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेच्या हवेला 26 अंशांची भिंत लागली, की तिथं पाणी सुटतं. त्यात खिडकी एकाच भिंतीला असेल तर हवा खेळणार कुठून?

‘ब्लीच मारा.’ फरशीवर ठीक. प्लास्टरवर क्लोरीन वरवर राहतं, पाणी आत मुरतं आणि बुरशी परत येते. त्यावर ऑइलपेंट मारला तर ओल कोंडून फुगे येतात. आधी गळती बंद करायची, मग डागाच्या फूटभर पुढेपर्यंत प्लास्टर खरवडायचं, भिंत पूर्ण सुकवायची, मगच नवं प्लास्टर. हे घरमालकाचं काम. आणि ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

‘तब्येत पैशावर.’ ओलसर घर आणि दमा, श्वसनाचे संसर्ग यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच मांडलाय. वस्तीचं म्हणाल, तर अमेरिकेत 1994 ते 1998 दरम्यान पाच शहरांत गरीब कुटुंबांमध्ये चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत राहायला भाड्याची कुपनं दिली गेली. दहा-पंधरा वर्षांनी त्या गटातल्या बायकांत अतिलठ्ठपणा आणि मधुमेह कमी आढळला. कमाईत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता.