हायड्रोजनचं अर्धंच सांगितलंय

लेख भारी आहे, पण सोडियम पाण्यात टाकल्यावर स्फोट होतो तो फक्त हायड्रोजन पेटल्यामुळं असं लिहिलंय ते काय पूर्ण पटलं नाही राव. आम्हालाबी कोल्हापुरात बीएस्सीला हेच शिकवलेलं, परीक्षेत मार्कबी मिळाले. पण नुसतं तेवढंच असतं तर धातूभोवती तयार झालेल्या वाफेनं आणि हायड्रोजननं पाणी लांब ढकललं असतं आणि रिॲक्शन तिथंच मंदावली असती की! २०१५ ला प्रागच्या पावेल युंगविर्थ या शास्त्रज्ञाच्या टीमनं सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचा थेंब पाण्यात टाकून हायस्पीड कॅमेऱ्यात शूट केला, तर मिलिसेकंदाच्या आतच थेंबातनं साळिंदरासारखे काटे बाहेर आलेले दिसले. धातूतले इलेक्ट्रॉन झटक्यात पाण्यात जातात, मागं राहिलेले पॉझिटिव्ह आयन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) एकमेकांना ढकलतात आणि थेंब फुटतो, मग नवीन धातू पाण्याला लागतो आणि पुढचा धमाका. हायड्रोजन पेटतो तो नंतरचा खेळ.

बाकी लिथियम पाण्यावर नुसतं फसफसतं, पोटॅशियमची जांभळट ज्योत मात्र बघण्यासारखी.

आणि डेमो दाखवणाऱ्या सरांनो, तुकडा मुगाच्या डाळीएवढाच घ्या, समोर काच लावा, पोरांना गॉगल द्या, उडणारं पाणी म्हणजे कॉस्टिक सोडा असतोय, डोळ्यात गेला तर अवघड. केरोसीनमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या पोटॅशियमवर पिवळी साल दिसली तर त्याला चाकू लावूच नका, ते तसंबी फुटू शकतंय.